डेल्को, पॉइंट आणि नंबर

मराठवाड्यात पेट्रोलची जुनी गाडी चालू होत नसली, की मिस्त्रीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘डेल्कोत करंट येतो का?’ डेल्को म्हणजे इंजिनच्या बाजूला बसवलेला, वर काळी टोपी आणि तिच्यातून प्लगकडे जाणाऱ्या जाड वायरी असलेला भाग. कंपनीच्या पुस्तकात त्याला डिस्ट्रिब्युटर म्हणतात. गंगाखेडच्या गॅरेजमध्ये हा शब्द सहसा ऐकू येत नाही.

खरे पाहता ‘डेल्को’ हे भागाचे नाव नाही, कंपनीचे आहे. १९०९ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात डेटन या गावी चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ काढली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून ‘डेल्को’ तयार झाले. केटरिंग यांची बॅटरीवर चालणारी ठिणगी-व्यवस्था लगेचच कॅडिलॅक गाडीवर आली. वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणू लागलो, तसेच हे झाले. कंपनीचे नाव वस्तूला चिकटले आणि मूळ मालक विसरला गेला.

भाषेच्या अभ्यासकाला यात मौज वाटेल. जुनी गाडी मूळ रूपात जपू पाहणाऱ्याची मात्र इथेच फसगत होते. डेल्को या एकाच शब्दाखाली बर्मिंगहॅमच्या लुकासचा, इटलीच्या मारेलीचा, अमेरिकेच्या ऑटो-लाइटचा असे निरनिराळे भाग येतात. एकाचा पॉइंट दुसऱ्यात बसत नाही आणि ठोकून बसवला तरी नीट चालत नाही. म्हणून या लेखात एकच गोष्ट पटवून द्यायची आहे: इग्निशनचा सुटा भाग गाडीच्या नावावर मागू नये, नंबरावर मागावा.

ठिणगी कशी पडते

बॅटरीचा करंट कॉइलच्या जाड तारेच्या वेढ्यांतून वाहतो आणि पॉइंटमधून गाडीच्या अर्थला जातो. डेल्कोच्या दांड्यावरचा कॅम पॉइंट उघडतो, त्या क्षणी प्रवाह तुटतो. कॉइलमधले चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. रोटर तो दाब ज्याची पाळी असेल त्या प्लगकडे पोचवतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर हे सेकंदाला १०० वेळा घडते. पॉइंट उघडताना त्याच्या तोंडावर ठिणगी उडून ते जळू नये आणि प्रवाह झटकन तुटावा, यासाठी कंडेन्सर असतो.

आता ‘साधारण सारखाच दिसतो’ असा पॉइंट बसवला, तर काय होते? साठच्या दशकातील अनेक ब्रिटिश गाड्यांवरच्या लुकास २५डी४ या डेल्कोत पॉइंटची फट ०.०१४ ते ०.०१६ इंच ठेवतात. विलीस जीपच्या ऑटो-लाइट डेल्कोत ती ०.०२० इंच असते. फट जास्त झाली, तर पॉइंट लवकर उघडतो, टायमिंग पुढे सरकते आणि कॉइल भरायला वेळ कमी मिळतो. फट कमी झाली, तर टायमिंग मागे पडते आणि पॉइंट जळतो. फिलर गेजच्या एका पात्याचा हा फरक. पण चढावर गाडी ओढते की धापा टाकते, ते त्यावर ठरते.

यापुढची गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. वेग वाढला की ठिणगी आधी पडावी लागते. त्यासाठी डेल्कोच्या पोटात दोन वजने आणि दोन स्प्रिंगा असतात, बाहेर व्हॅक्यूमची डबी असते. लुकासच्या डबीवर बारीक आकडे ठोकलेले असतात. उदाहरणार्थ, ५-१७-८ याचा अर्थ असा: पाऱ्याच्या ५ इंच व्हॅक्यूमला काम सुरू, १७ इंचाला पूर्ण, आणि डेल्कोत जास्तीत जास्त ८ अंशांचा फरक. डेल्को इंजिनच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून इंजिनच्या हिशेबात हे १६ अंश होतात. दोन डेल्को बाहेरून जुळ्या भावांसारखे असले, तरी त्यांच्या स्प्रिंगा आणि डब्या निराळ्या असू शकतात. चुकीची जोडी बसली की इंजिन ठोकते किंवा तापते, आणि दोष बिचाऱ्या कार्बोरेटरवर जातो.

कुर्ल्याची फियाट

महाराष्ट्रात हा घोळ सर्वांत जास्त फियाटच्या बाबतीत होतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात पन्नाशीच्या दशकात फियाट ११०० तयार होऊ लागली. १९६४ साली ११०० डिलाइट आली आणि १९७४ पासून तीच ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. इटलीतल्या ११०० डी ला १२२१ सीसीचे इंजिन होते. आपल्याकडे १०८९ सीसीचेच राहिले. म्हणजे इटलीचे पार्ट-बुक उघडून ‘११०० डी’ खाली पाहिले, तर वेगळ्याच इंजिनची माहिती हाती येते.

शिवाय त्या काळी सरकारी धोरण आयात कमी करून देशी भाग वाढवण्याचे होते. बंगळुरूला १९५१ साली मायको सुरू झाली आणि तिचे प्लग गावोगाव पोचले. चेन्नईजवळ पाडी येथे १९६१ साली लुकास-टीव्हीएस उभी राहिली. त्यामुळे घराण्याने इटालियन असलेल्या गाडीच्या पोटात इंग्रजी घराण्याचा, पण तमिळनाडूत घडलेला डेल्को सापडतो. ही भेसळ नव्हे. तो त्या गाडीचा खरा इतिहास आहे. अशा गाडीवर इटलीहून महाग मारेली मागवून बसवणे म्हणजे तिला मूळ रूपात आणणे नव्हे.

जीपचे सहा आणि बारा व्होल्ट

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी जीप लिलावात निघाल्या. पुढे महिंद्र कंपनीने मुंबईत विलीस जीप जोडायला सुरुवात केली. युद्धकाळातील विलीस एमबी सहा व्होल्टची. तिच्या डेल्कोच्या पट्टीवर आयजीसी-४७०५ असा नंबर असतो आणि रोटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. नंतरच्या देशी जीप बारा व्होल्टच्या. बारा व्होल्टच्या बॅटरीवर सहा व्होल्टची कॉइल तशीच जोडली, तर ती तापते आणि पॉइंट काळे पडतात. मग ‘हल्ली पॉइंट टिकत नाहीत’ अशी तक्रार सुरू होते.

जुन्या ब्रिटिश गाड्यांत आणखी एक खोच आहे. त्यांच्या बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. त्या काळच्या लुकास कॉइलवर अधिक-उणे चिन्हे नसून ‘एसडब्ल्यू’ आणि ‘सीबी’ अशी अक्षरे असतात. पहिले स्विचकडे, दुसरे पॉइंटकडे. जोडणी उलटी झाली, तरी गाडी चालते. पण प्लगला ठिणगीसाठी जास्त दाब लागतो आणि थंडीच्या सकाळी ती दगा देते.

शोधाची रीत

प्रथम डेल्को साफ करून त्यावरचा नंबर वाचावा. ब्रिटिश लुकासवर मॉडेल, सर्व्हिस नंबर आणि तो बनल्याचा आठवडा व वर्ष कोरलेले असते. त्यावरून डेल्को कोणता ते कळते. तो याच गाडीचा आहे का, हा प्रश्न निराळा. त्यासाठी चॅसी व इंजिन नंबर घेऊन कंपनीच्या त्या वर्षीच्या पार्ट-बुकाशी पडताळावे. गाडी फक्त चालवायची असेल, तर पहिले उत्तर पुरते. मूळ रूपात आणायची असेल, तर दुसरे हवेच.

त्यानंतरच बाजार. परभणी-नांदेडची जुनी दुकाने, मुंबईत मटन स्ट्रीटचा चोरबाजार, आणि १९४८ पर्यंत आपला मुलूख ज्या संस्थानात होता ते हैदराबाद, या सगळीकडे जाताना जुना भाग पिशवीत असावा. पॉइंट, रोटर आणि टोपी एकाच घराण्यातली घ्यावी. जुन्या साठ्यातील न वापरलेला पॉइंट चालतो. त्याचा गंज मात्र पुसावा. कंडेन्सर जुना असेल, तर डबा न उघडलेला असला तरी तपासल्याशिवाय बसवू नये, कारण त्याचे आतले इन्सुलेशन वयानेही खराब होते.

घाई करण्याचे कारणही आहे. जोवर मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी धावत होत्या, तोवर त्यांच्या भागांना गिऱ्हाईक होते. त्यातली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. गिऱ्हाईक गेले की दुकानदार माल भंगारात काढतो. दुसरीकडे, २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी दिली आहे. त्यासाठी चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. म्हणजे मूळ रूपाला कायद्याने किंमत आली, त्याच सुमारास ते रूप टिकवणारे भाग नाहीसे होऊ लागले.

भागांपाठोपाठ त्यांची माहितीही जाते. कोणत्या डेल्कोला कोणता पॉइंट, हे अनेक मिस्त्रींच्या डोक्यात आहे, कागदावर नाही. त्यांची मुले इंजेक्शनच्या गाड्यांवर काम करतात, त्यांना याची गरज पडत नाही. ज्यांच्या अंगणात अशी गाडी उभी आहे, त्यांनी एक वही करावी: चॅसी नंबर, इंजिन नंबर, डेल्कोचा नंबर, कॉइलवरची अक्षरे, पॉइंटची फट, फायरिंग ऑर्डर. गावातल्या जुन्या मिस्त्रींना शेजारी बसवून ती भरावी. त्याला खर्च वहीचाच येईल, आणि उद्या गाडी विकली गेली तर वही तिच्यासोबत द्यावी.