सहा फूट दोन इंच आणि पुढची सीट

माझी उंची सहा फूट दोन इंच. लग्नाच्या बाजारात प्लस पॉइंट, विमानात मात्र शिक्षा! एका सीटपासून पुढच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर म्हणजे ‘सीट पिच’. लो-कॉस्ट विमानांत ते साधारण २८ ते ३० इंच. त्यात सीटच्या पाठीची जाडीही आली. उरलेल्या जागेत गुडघे कोंबायचे. त्यात पुढच्याने बटण दाबलं, की संपलंच!

२०१४मध्ये नेवार्कहून डेन्व्हरला निघालेलं विमान याच भांडणापायी शिकागोला उतरवावं लागलं. एकाने पुढची सीट अडवणारं ‘नी डिफेंडर’ लावलं होतं.

पण खरं सांगू? पुढचा माणूस आपला शत्रू नाहीच. तीच जागा कंपनीने त्याला टेकायला आणि मला गुडघे ठेवायला, अशी दोनदा विकली आहे!

म्हणून आपणच सांभाळून घ्यायचं. मुंबई-दिल्लीसारख्या दोन तासांच्या प्रवासात सीट सरळच बरी. रात्रीच्या लांबच्या फ्लाइटला खुशाल टेका. पण आधी मागे बघा, विचारा, मग हळूहळू टेका. जेवण आलं की सीट सरळ. आणि ताडमाड मंडळींनो, जमल्यास एक्झिट रो आधीच बुक करा. पैसे जास्त पडतात, पण गुडघे आपलेच आहेत ना!