राहुटीतील वीज

युरोपात उन्हाळ्याची सुटी लागली, की पुष्कळ कुटुंबे शहर सोडून समुद्रकाठी किंवा रानाच्या कडेला मुक्कामास जातात. तेथे राखून ठेवलेल्या मैदानांवर कोणी राहुटी ठोकतो, तर कोणी मोटारीमागून ओढून आणलेले चाकांचे घर उभे करतो. मैदानात जागोजागी विजेचे ठेंगणे खांब असतात. खांबावरील निळ्या सॉकेटला केबल जोडली, की राहुटीत दिवा लागतो.

मात्र ही वीज घरच्यासारखी मुबलक नसते. इंग्लंडमध्ये एका राहुटीस बहुधा १० किंवा १६ अँपिअर प्रवाह मिळतो. फ्रान्समध्ये कित्येक ठिकाणी अवघा ६ अँपिअर. विजेचा दाब आपल्याकडच्याप्रमाणेच २३० व्होल्ट असतो. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार केला, की किती वॉटांची उपकरणे चालतील हे कळते. ६ अँपिअरला हा आकडा १३८० भरतो. दिवा किंवा मोबाइलचा चार्जर यांची भूक अल्प असते. खादाड असतात ती उष्णता निर्माण करणारी उपकरणे. २००० वॉटांची किटली एकटीच ही मर्यादा ओलांडते. तिच्या जोडीला शेगडी लावली, तर खांबातील स्वयंचलित खटका पडून राहुटीत अंधार होतो. म्हणून जाणते प्रवासी ७०० वॉटांची लहान किटली नेतात. एक लिटर पाण्याला तीन मिनिटांऐवजी आठ मिनिटे लागतात, इतकेच. सुटीवर आलेल्या माणसाला पाच मिनिटांची घाई ती कसली!

खटका पडला तर गैरसोय होते. खरे संकट तो न पडता येते. केबल बहुधा २५ मीटर लांब असते आणि खांब असतो पाच पावलांवर. मग उरलेली केबल रिळावर तशीच राहते. प्रवाह वाहताना तार तापते. प्रवाह दुप्पट झाला, तर उष्णता चौपट होते. मोकळ्या केबलची उष्णता हवेत निघून जाते, पण रिळाच्या आतील वेढ्यांतून ती बाहेर पडणार कोठून? तारेवरचे वेष्टन मऊ होते, वितळते, आणि आग लागू शकते. खटका मात्र स्वस्थ असतो, कारण त्याला प्रवाह मोजता येतो, रिळाची उष्णता नव्हे. यासाठी केबल संपूर्ण उलगडून गवतावर सैल पसरावी लागते.

ओल्या गवताचा धोका आणखी निराळा. फुटक्या वेष्टनातून वीज झिरपली, तर माणसाच्या जिवावर बेतण्यास ६ अँपिअरचा दोनशेवा भागही पुरतो. एवढ्याशा प्रवाहाची मोठ्या खटक्याला दादही नसते. त्यासाठी दुसरे एक उपकरण बसविलेले असते. गेलेला प्रवाह आणि परतलेला प्रवाह यांची ते सतत तुलना करते, आणि ३० मिलिअँपिअरची तफावत पडताच क्षणार्धात वीज तोडते. त्यावर चाचणीचे एक बटण असते. ते दाबूनही वीज गेली नाही, तर उपकरण निकामी झाले आहे असे समजून जोडणी तत्काळ सोडवावी लागते.

जोडणीचाही एक क्रम आहे. केबलचे टोक आधी राहुटीकडे जोडतात, मग खांबाला. म्हणजे वीज भरलेले मोकळे टोक ओल्या गवतात पडून राहत नाही. निघताना प्रथम खांबाकडील टोक काढतात.