कापसाचा किल्ला

वर्धा जिल्ह्यातील पुष्कळ विहिरींचे पाणी जड असते. त्यात साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही आणि ज्या भांड्यात ते रोज तापते, त्याच्या बुडाशी पांढरा, खरखरीत थर बसतो. हा थर चुनखडीचा होय.

निर्मळ दिसणाऱ्या पाण्यात चुनखडी येते कोठून? पावसाचे पाणी जमिनीत मुरताना मातीतील कार्बन डायऑक्साइड वायू शोषून घेते व त्याच्या बळावर दगडामातीतील चुना विरघळविते. पाणी तापले की वायू उडून जातो; मग निराधार झालेला चुना भांड्याला चिकटतो. त्यावर लिंबू पिळून पाहा, तो फसफसून सुटू लागेल.

काही ठिकाणी पाणी तापविण्यास चूल लागत नाही. भूमीच्या पोटातील उष्णताच ते काम करते. पैनगंगेकाठच्या उनकेश्वराला असे ऊन झरे आहेत. तुर्कस्तानात देनिझ्ली प्रांतात अशाच झऱ्यांनी हजारो वर्षे चुना सांडून एक अख्खी टेकडी पांढरीशुभ्र केली आहे. तिचे नाव पामुक्काले, म्हणजे कापसाचा किल्ला! हिंगणघाटच्या बाजारातील कापसाचे ढीग पाहिलेल्या मुलांना या नावाचा अर्थ निराळा सांगावयास नको.

त्याच प्रांतात किझिलदेरे येथे खोल विहिरी खणून, सुमारे २०० अंश सेल्सिअस तापलेल्या पाण्याच्या वाफेवर १९८४ साली वीजकेंद्र सुरू झाले. परंतु टेकडीला शोभा देणारा चुना येथे वैरी ठरला. खोलवर प्रचंड दाब असतो, म्हणून वायू पाण्यातच राहतो. पाणी वर चढताना दाब उतरतो, सोड्याच्या बाटलीचे बूच काढावे तसा वायू उसळतो, आणि नेमक्या त्या जागी नळीत चुन्याचे कडे धरते. नळी अरुंद होत जाते, वाफ कमी पडते, वीज घटते. मग विहीर थांबवून आतील थर खरवडावा लागे. आम्ल ओतले तर चुना जातो खरा, पण लोखंडही झिजते.

त्यापेक्षा थर धरूच न देणे शहाणपणाचे. यासाठी बारीक नळीने, वायू सुटतो त्या जागेच्याही खाली, एक औषधी द्रव सोडतात. दहा लाख भाग पाण्याला त्याचे थोडेसेच भाग पुरतात. चुन्याचा सूक्ष्म कण तयार होताच हा द्रव त्याला वेढतो. कण वाढत नाही, नळीला चिकटत नाही, पाण्याबरोबर वाहून जातो. विहिरीच्या तोंडाशी झडप आवळून दाब राखणे, हा त्याला जोड देणारा उपाय.

सिलिका नावाच्या खनिजाची रीत मात्र उलटी आहे. ते पाणी निवल्यावर बसते आणि लिंबाला तर मुळीच दाद देत नाही. म्हणून असे पाणी फार निवण्यापूर्वीच दुसऱ्या विहिरीवाटे पुन्हा भूमीत सोडतात.