कोणती बॅटरी?

आमच्या फोपनार गावी टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल. त्यामुळे २०१२ च्या पावसाळ्यात अमेरिकेतल्या पुतण्याने फोनवर विचारलं, "काका, बॅटरी कोणती टाकलीत?" तेव्हा मी म्हणालो, "अरे, तूच तर पाठवली!" पाचेक मिनिटं आम्ही दोघं दोन वेगळ्या वस्तूंबद्दल भांडत होतो. भांडण मिटलं, पण त्याचा प्रश्न पुढची दहा-बारा वर्षं माझ्या मागे लागला.

छंद त्यानेच लावलेला. गळ शिकंज्यात धरायचा, त्यावर मोरपिसाची दशी, कोंबड्याचं पीस, चमकीची तार असं दोऱ्याने गुंडाळत किडा नाहीतर बोटाएवढी मासोळी उभी करायची. तीच फ्लाय. मासा हाती लागलाच तर परत पाण्यात सोडायचा. तापीकाठच्या लोकांना हा शुद्ध वेडेपणा वाटतो. "मग कशाला गेला होता भाऊ?" याला मी अजून नीट उत्तर दिलेलं नाही. मनात महसीर असतो. मध्य प्रदेशाने २०११ मध्ये त्याला राज्याचा मासा केलं.

फ्लायच्या डोक्यावर शेवटी पारदर्शक थेंब लागतो, नाहीतर दोरा दोन फेकींत उसवतो. अतिनील दिव्याखाली घट्ट होणारं रेझिन येण्याआधी आम्ही अ‍ॅरल्डाइट वापरायचो. दोन नळ्यांतलं सारखं सारखं जुन्या पोस्टकार्डावर पिळायचं, काडीने घोटायचं आणि फासायचं. थेंब ओघळून एका बाजूला जायचा, म्हणून जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर काढून तिच्यावर सहा फ्लाय गोल फिरत ठेवायचो. लाईट गेली की मोटर थांबायची आणि सहाही फ्लायना खाली लोंबणारं नाक फुटायचं.

अडचण ऋतूची होती. आमच्याकडे १६ जून ते १५ ऑगस्ट नदीतली मासेमारी बंद असते. म्हणजे फ्लाय बांधायला निवांत वेळ तेव्हाच. आणि नेमकी तेव्हाच हवा दमट, अ‍ॅरल्डाइटवर पांढुरकी साय येणार, ऊन नाही, लाईटचा भरवसा नाही. पुतण्याने पाठवलेल्या बाटलीवर लिहिलं होतं की हे रेझिन उन्हातही घट्ट होतं. आषाढात!

रेझिन वाळतं म्हणायची सवय जात नाही, पण त्यात वाळून उडून जाण्यासारखं काही नसतं. अतिनील उजेड पडला की त्यातलं एक द्रव्य फुटतं आणि त्याच्या धक्क्याने बाकीचे रेणू एकमेकांत गुंतत जातात. जाड थेंब टाकला तर गळ बोटाला गरम लागतो, इतकी घाई असते त्यांना. वरच्या पापुद्र्याला हवेतला ऑक्सिजन आडवा येतो, म्हणून नीट घट्ट झालेला थेंबही हाताला किंचित चिकट लागतो. तो चिकटपणा स्पिरिटच्या बोळ्याने पुसला की गेला. पण आतपर्यंत कच्चा राहिलेला थेंब पुसून भागत नाही. हा फरक समजायला मला एक अख्खा पावसाळा लागला.

पुतण्याने पाठवलेला पहिला दिवा नऊ बारक्या एलईडींचा, त्यात रिमोटचे तीन सेल. पहिल्या दिवशी दहा सेकंदांत थेंब खडा. चौथ्या दिवशी चाळीस सेकंद धरूनही नख रुतायचं. मी बाटलीला दोष दिला, मग पावसाला. दिव्यावर संशय येईना, कारण जांभळा उजेड तेवढाच झगझगीत दिसत होता. शेवटी पंपाच्या कामासाठी घेतलेला मीटर, दिवा चालू असताना, सेलना लावला. नवे असताना साडेचार व्होल्ट, आता सव्वातीन. या एलईडींना चालायलाच साधारण तेवढं लागतं. त्याच्या आसपास आलं की उजेड धाडकन पडतो आणि डोळा ती घट सहज भरून काढतो. दिव्यातून काढलेले ते 'मेलेले' सेल भिंतीच्या घड्याळात संक्रांतीपर्यंत चालले.

वडील रात्री केळीला पाणी द्यायला जाताना तीन मोठ्या सेलची पितळी बॅटरी नेत. नवी बॅटरी घेताना दुकानाबाहेर येऊन लांबच्या निंबावर झोत टाकून पाहत. निंब दिसला तर घ्यायची. सेल उतरले की दिवसभर माळवदावर उन्हात ठेवत, आणखी एक रात्र निघायची. मीही माझे तीन सेल उन्हात ठेवले. त्यांच्या शेजारी फ्लायच ठेवली असती तर दिव्याची गरज उरली नसती, हे बायकोने दाखवून दिलं.

पुन्हा चार्ज होणारे सेल आणले. ते एकेक १.२ व्होल्टचे, तिघांचे मिळून ३.६. म्हणजे नवे असतानाच दिवा अर्धमेला. मग २०१५ मध्ये बऱ्हाणपूरच्या एका दुरुस्तीवाल्याकडे मोडीतल्या लॅपटॉपमधले लिथियम सेल मिळाले. नावच मापावरून, १८६५०: १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. एकटा सेल ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२. त्याचा दिवा आणला आणि रेझिनचं रडगाणं थांबलं, कारण असल्या बऱ्या दिव्यात सेल उतरत गेला तरी एलईडीला प्रवाह सारखा पुरवणारी पट्टी असते. ती आहे का, हे मी आता एलईडी किती यापेक्षा आधी विचारतो.

फसलो तेही सांगतो. बाजारातून ९९०० एमएएच छापलेला सेल घेतला. या मापाच्या उत्तम सेलमध्येही ३५०० च्या आसपासच मावतं. सोनाराच्या काट्यावर टाकला तर भरला २८ ग्रॅम. अस्सल सेल ४५ च्या जवळ जातो. दुसऱ्यांदा, पेन्सिल सेलसारखाच दिसणारा लिथियम सेल साध्या दीड व्होल्टच्या सेलवर चालणाऱ्या बॅटरीत घातला. एक वास आला आणि संपलं. उन्हाळ्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा माझे सेल माठाच्या तिवईखाली असतात. घरात हसतात.

दुसरा घोळ उजेडाच्या जातीचा. स्वस्त दिवे ३९५ नॅनोमीटरचे, जांभळे आणि दिसायला जोरदार. ३६५ चा दिवा डोळ्याला फिकट, पांढुरका, जवळजवळ बंद वाटतो. दुकानदार दोन्ही शेजारी लावून दाखवतो आणि गिऱ्हाईक जांभळा उचलतं. मी खिशातली शंभराची नोट काढतो. ३६५ खाली नोटेतले धागे आणि नंबर लख्ख पेटतात; ३९५ खाली सगळी नोटच जांभळ्या रंगात बुडते. तरी ३६५ च श्रेष्ठ असं नाही. बरीच रेझिनं ३९५ वरही छान घट्ट होतात. बाटलीवर काय लिहिलंय ते पाहायचं. मी तर एकदा दाताच्या डॉक्टरांना गळावर थेंब लावून दिला. त्यांच्या निळ्या दिव्याचा उजेड ४७० च्या आसपासचा. दाढेतलं सिमेंट क्षणात दगड, माझा थेंब जिथल्या तिथे ओला. डॉक्टर हसले, फी दाढेचीच घेतली.

गेल्या वर्षी वडिलांच्या पितळी बॅटरीत मी ३६५ ची एलईडी आणि नळीच्या तुकड्यात बसवून एक १८६५० घातला. रात्री पाणी द्यायला जाताना गडी चुकून तीच घेऊन गेला. थोड्या वेळाने धावत परत आला. केळीच्या बुंध्याशी, वाळक्या पानांत, हिरवे दिवे लागले होते. विंचू. अतिनील उजेडात त्यांचं कवच चमकतं, हे मी वाचलेलं होतं. आपल्याच बांधावर एका ओळीत सात मोजले तेव्हा पायातल्या चपलेकडे पाहिलं. त्या वाटेने आम्ही वर्षानुवर्षं पिवळ्या उजेडात गेलो होतो.

आता पाण्याची पाळी रात्रीची असली की ती बॅटरी घरात नसते. फ्लाय तशाच, ओल्या थेंबानिशी, पेटीत झाकून ठेवतो. सकाळी बांधावरून बॅटरी आली की पुढचं काम.