दगडाचा अननस

कोकणात अननसाचे कुणी फारसे लाड करत नाही. बांधाच्या कडेला, झाडाच्या विरळ सावलीत फुटवा खोचायचा आणि विसरून जायचं. त्याच्या मर्जीने तो फळ धरतो. काढताना पानांच्या काट्यांनी हात ओरबाडतात, तेवढाच त्रास. त्यामुळे स्कॉटलंडमधल्या एका उमरावाने आपल्या बागेत घराएवढा दगडी अननस उभा केला, हे ऐकून आपल्याला आधी हसू येतं. खुशाल हसावं. मग मात्र त्या दगडकामाकडे नीट बघावं.

फॉलकर्क परगण्यात एअर्थ गावाजवळ डनमोर पार्क नावाची जुनी जहागीर आहे. चौथे अर्ल ऑफ डनमोर जॉन मरे यांनी तिथे सुमारे सहा एकरांची, उंच भिंतींची बाग केली आणि तिच्या उत्तरेच्या भिंतीत उन्हाळ्यात येऊन बसण्यासाठी एक बागबंगला बांधला. दक्षिणेच्या दारावरच्या कमानीत, मधल्या दगडावर १७६१ हे साल कोरलेलं आहे. दार अगदी तेव्हाच्या शिस्तीतलं: मधे मोठी कमान, दोन बाजूंना साधे गोल खांब, इटलीतला वास्तुविशारद पल्लादिओ याच्या वळणाचे. जमिनीला उतार असल्याने बागेतून बघितलं तर इमारत दुमजली, मागून आलं तर एकमजली. या वरच्या मजल्यावर गोल खोली आहे, तिला टोकदार कमानींच्या खिडक्या आहेत आणि छपराच्या जागी अननस आहे. शेंड्यापर्यंतची उंची साधारण १४ मीटर.

खिडक्यांच्या कमानी वर सरकता सरकता पानं होतात. इमारत कुठे संपली आणि फळ कुठे सुरू झालं, यावर बोट ठेवता येत नाही. खालची पानं बाहेर झुकलेली, कडांना करवतीचे दाते. त्यांच्यावर फळाचे फुगीर डोळे ओळीने चढत गेलेले, आणि वर तुरा.

खरी करामत आहे ती पाण्याच्या वाटेत. आपल्याकडे घर बांधणाऱ्याला पागोळ्यांची काळजी. तिथे काळजी गोठण्याची. पाण्याचा बर्फ होताना तो सुमारे नऊ टक्के फुगतो, आणि दगडाच्या बेचक्यात थेंबभर पाणी साचून राहिलं तरी दर हिवाळ्यात एकेक कपचा उडत जातो. अननसाच्या आकारात तर बेचक्यांशिवाय दुसरं काय असतं? म्हणून पाथरवटांनी प्रत्येक पानाच्या पाण्याला स्वतंत्र वाट दिली आणि प्रत्येक डोळ्याला असा उतार दिला, की कुठेच पाणी थांबू नये. अडीचशेहून जास्त हिवाळे ते काम टिकलंय. आराखडा कुणाचा, याची नोंद सापडत नाही. त्या काळचे नामवंत वास्तुविशारद विल्यम चेंबर्स यांचं नाव घेतलं जातं, पण पुरावा नाही. दगड घडवणाऱ्या हातांबद्दल तर कुणी अंदाजही करत नाही. मला खरा राग याचा येतो.

अननसच का? मूळचा दक्षिण अमेरिकेचा हा रहिवासी. कोलंबसाच्या लोकांनी तो १४९३ मध्ये ग्वादलूप बेटावर पाहिला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर आणला आणि फळाबरोबर नावही आणलं. ब्राझीलच्या तुपी लोकांचा शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आला आणि ‘अननस’ म्हणून मराठीत रुळला. इंग्रजांनी मात्र त्याला ‘पाइन’ आणि ‘ॲपल’ चिकटवून भलतंच नाव ठेवलं. आपल्या लाल मातीत तो रुजला; ब्रिटनच्या थंडीत त्याला पाहुण्यासारखं नव्हे, आजाऱ्यासारखं जपावं लागलं. काचघरं, भट्ट्या, आणि मुळांना ऊब म्हणून कातडी कमावून उरलेली, कुजताना तापणारी ओकची साल. एक फळ हाती यायला दोन-तीन वर्षं. मेजवानीत मधोमध मिरवायला अननस भाड्याने आणत आणि न कापताच परत करत, असं सांगतात.

डनमोरच्या बंगल्याला लागून अशीच काचघरं होती. भट्टीची गरम हवा पोकळ भिंतींमधून खेळवलेली होती आणि धुरासाठी चार धुराडी होती. ती उघडी दिसू नयेत म्हणून त्यांना दगडी कलशांचं रूप दिलेलं. आज काचघरं गेली, कलश शिल्लक आहेत.

या अर्लची पुढची कथा कमी विनोदी आहे. १७७१ मध्ये ते व्हर्जिनियाचे गव्हर्नर झाले. त्या वसाहतीचे ते शेवटचे ब्रिटिश गव्हर्नर ठरले. नोव्हेंबर १७७५ मध्ये त्यांनी जाहीरनामा काढला: बंडखोर मालकांचे जे गुलाम ब्रिटिश सैन्यात येऊन लढतील ते मुक्त. स्वतः ते गुलामांचे मालक होते, तेव्हा यात उदारपणा किती आणि डावपेच किती, हे उघड आहे. व्हर्जिनियात समुद्रावरून परतलेला माणूस घरी आल्याची खूण म्हणून फाटकाच्या खांबावर अननस खोचायचा, अशी आख्यायिका आहे. तिच्यावरून काहीजण म्हणतात, की खालचा मजला १७६१ चा, अननस मात्र अर्लने घरी परतल्यावर चढवला. गोष्ट गोड आहे, एवढंच तिच्या बाजूने म्हणता येईल.

पुढे जहागिरीची वाटणी झाली आणि १९७० च्या दशकात ही वास्तू नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे आली. तिला ‘अ’ वर्गाचं, म्हणजे तिथलं सर्वांत वरचं संरक्षण आहे. लँडमार्क ट्रस्टने ती भाडेपट्ट्याने घेऊन दुरुस्त केली, आणि आता तिथे सुट्टीला राहता येतं. बागेत सफरचंदाची झाडं आहेत; अननसाचं एकही नाही. राहायची सोय फळाच्या दोन्ही अंगांना असलेल्या, पूर्वी माळ्यांच्या असलेल्या खोल्यांत आहे. एका अंगातून दुसऱ्यात जायला आतून वाट नाही, अंगणात उतरावं लागतं. पाऊस असला तर छत्री घ्यायची, आणि जाता जाता मान वर करून बघायचं, पानांवरचं पाणी कसं निघून जातं ते.