पालघर ते डोंबिवली : तेरा वर्षांचा वाद

गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली की आमच्या डब्यातला वाद थांबायचा. आतला आवाजच असा की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नसे. बोगदा संपून कळव्याच्या बाजूला उजेड आला की ज्याचं वाक्य अर्धं राहिलं होतं, तो ते पुरं करायचा. तोवर मध्ये कुणी तोंड घालायचं नाही, हा आमच्या ग्रुपचा नियम होता. डोंबिवलीहून सकाळच्या फास्टने निघणारे आम्ही पंधरा-सोळा जण. त्यात एक जुने समाजवादी, एक शाखेत जाणारे, दोन कट्टर शिवसैनिक, एक काँग्रेसवाले, आणि बाकीचे दर निवडणुकीला मत बदलणारे. हमरीतुमरी व्हायची, आवाज चढायचे. पण दुसऱ्या दिवशी त्याच माणसासाठी सगळे सरकून बसत आणि तिघांच्या बाकावर त्याला चौथी सीट मिळे.

आता मागे वळून पाहताना मला त्या ग्रुपची गोष्ट आणि आमच्या जिल्ह्यात बोलण्यावर आलेल्या कारवायांची गोष्ट वेगळी काढता येत नाही.

सुरुवात करायची ती १९ नोव्हेंबर २०१२ पासून. दोनच दिवसांपूर्वी बाळासाहेब ठाकरे गेले होते. रविवारी शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले आणि मुंबई बंद राहिली. आमच्या डब्यातल्या दोन्ही शिवसैनिकांचे डोळे सोमवारीही सुजलेले होते. त्यांच्या दुःखाबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. त्याच सोमवारी पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली. एकीने बंदच्या औचित्याबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या होत्या. बंद आदरापोटी नाही, भीतीपोटी झाला, असं तिचं म्हणणं होतं. दुसरीने ती पोस्ट लाईक केली होती. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. वेगळा जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. पोलिसांनी भारतीय दंड विधानाबरोबर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ लावलं. प्रत्येकी पंधरा हजारांच्या जातमुचलक्यावर दोघी सुटल्या. त्याआधीच जमावाने त्यांच्यातल्या एकीच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड केली होती.

डब्यात त्या आठवड्यात जे बोलणं झालं, ते मला अजून आठवतं. शिवसैनिकांपैकी एक म्हणाला, "पोरीचं चुकलं, पण अटक कशाला? आमच्याकडे आली असती तर समजावून सांगितलं असतं." समाजवादी काका उसळले. समजावायचंच कशाला, तिने बोलू नये काय, असं त्यांचं म्हणणं. वाद ठाण्यापर्यंत गेला, घाटकोपरपर्यंत गेला. कुणी कुणाची तक्रार केली नाही. करायची कुठे, हा विचारही तेव्हा कुणाला शिवला नाही.

६६-अ मध्ये जे शब्द होते, त्यांत काहीही बसवता आलं असतं. घोर आक्षेपार्ह, त्रासदायक, गैरसोय करणारं असं काही संगणकावरून किंवा फोनवरून पाठवलं की तीन वर्षांपर्यंत कैद. त्रास कुणाला आणि गैरसोय कुणाची, याची व्याख्या कुठेच नव्हती. पालघरच्या अटकेनंतर देशभर गदारोळ झाला. ठाणे ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांसह दोन अधिकारी निलंबित झाले, आणि पुढे पोलिसांनी प्रकरण बंद केलं. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ ला न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांच्या पीठाने ६६-अ संपूर्ण रद्द केलं. त्या निकालातला एक फरक मी वहीत उतरवून ठेवला आहे. एखाद्या मताची चर्चा करणं, त्याचा पुरस्कार करणं आणि चिथावणी देणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिल्या दोन कितीही न रुचणाऱ्या असल्या तरी राज्यसत्तेला तिथे हात घालता येत नाही. चिथावणीपाशी पोचल्यावरच तिचा अधिकार सुरू होतो. आमच्या जिल्ह्यातल्या एका पोस्टमधून देशाला हे मिळालं, याचा मला अभिमान वाटला होता. पण रद्द झालेलं कलमही पोलीस ठाण्यांत लावलं जात राहिलं. ते थांबवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा काढावा लागला.

दरम्यान आमचा डबा फोनमध्ये गेला. २०१४ च्या निवडणुकीच्या आसपास कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप काढला तो गाडी उशिरा आहे की वेळेवर, हे कळवण्यासाठी. सहा महिन्यांत त्यावर फॉरवर्ड सुरू झाले. डब्यात जो माणूस "मला वाटतं" म्हणून बोलायचा, तो ग्रुपवर कुणी लिहिलंय ते माहीत नसलेला मजकूर टाकायचा. विचारलं तर उत्तर यायचं, "मला आलं, मी पुढे पाठवलं." माझ्या मते सगळं बिघडलं ते इथे. वाद घालणाऱ्याला आपल्या बोलण्याचा जिम्मा घ्यावा लागतो. पुढे ढकलणाऱ्याला तो घ्यावा लागत नाही.

असा बिनधन्याचा मजकूर माणसं मारू शकतो, हे १ जुलै २०१८ ला कळलं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे या अफवेवरून धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने भिक्षा मागणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. ते सोलापूरकडून आलेले गरीब लोक होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली.

मग २०२०. मार्चमध्ये डोंबिवलीत झालेल्या एका लग्नाला तुर्कस्तानातून आलेला एक पाहुणा हजर होता आणि तो करोनाबाधित निघाला. त्यानंतर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोण त्या लग्नाला गेलं होतं याच्या याद्या फिरल्या. दोन घरांशी लोकांनी बोलणं टाकलं. त्यांतलं एक घर लग्नाला गेलंच नव्हतं. त्या कुटुंबाची माफी कुणी मागितली नाही. मीही नाही, आणि ते मला आजही टोचतं.

५ एप्रिलला दिवे लावण्याच्या पंतप्रधानांच्या आवाहनावरून ठाण्यात वाद पेटला. घोडबंदर रोड परिसरातल्या एका अभियंत्याने तत्कालीन मंत्री जितेंद्र आव्हाड यांच्याविरुद्ध फेसबुकवर पोस्ट टाकली. आपल्याला घरातून उचलून मंत्र्यांच्या बंगल्यावर नेऊन मारहाण केली, अशी तक्रार त्याने केली. आव्हाडांनी आरोप नाकारला. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांना अटक होऊन जामीन मिळाला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढील तपासाला परवानगी दिली. खटल्यात जे ठरायचं ते ठरेल. मला एवढंच नोंदवायचं आहे की फेसबुकवरच्या ओळींना उत्तर म्हणून मारहाण झाल्याची तक्रार ठाण्यासारख्या शहरातून आली.

त्या ५ एप्रिलनंतर अकरा दिवसांनी गडचिंचले गावात जे झालं ते. त्या दिवसांत डहाणू तालुक्यातल्या पाड्यांवर रात्री चोर येतात, मुलं पळवतात, अवयव काढून नेतात, असे संदेश फिरत होते. गावकरी रात्रभर पहारे देत. १६ एप्रिलच्या रात्री सुरतकडे निघालेली एक गाडी तिथे अडवली गेली. जुना आखाड्याचे दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हाती सापडले आणि पोलिसांदेखत मारले गेले. आपण जमावाला थोपवायचा प्रयत्न केला, असं गावच्या महिला सरपंचांनी नंतर सांगितलं. एका अफवेने तीन माणसं मारली होती. काही दिवसांत चित्रफिती बाहेर आल्या आणि दुसरी अफवा सुटली, ती मारेकऱ्यांच्या धर्माबद्दल. ही अफवा गावच्या पाड्यावर नाही, आमच्यासारख्या शिकलेल्यांच्या ग्रुपांवर चालली. तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर केली आणि त्यात एकही मुस्लिम नसल्याचं सांगितलं. मी ती यादी आमच्या डब्याच्या ग्रुपवर टाकली. त्यावर एकाने लिहिलं, "सरकारची यादी, तिच्यावर काय विश्वास?" आणि तो ग्रुपमधून लेफ्ट झाला. दहा वर्षं आम्ही शेजारी बसत होतो.

त्याचं वाक्य मी पुष्कळ दिवस डोक्यातून काढू शकलो नाही. यादी खरी होती. पण जे सरकार नको असलेल्या बोलण्यावर गुन्हा दाखल करतं, त्याने खरं सांगितलं तरी लोक ऐकत नाहीत. शासनाची विश्वासार्हता आणि शासनाचा दंडुका ही एकमेकांना खाणारी गोष्ट आहे, हे मला तेव्हा समजलं.

त्या वर्षात ग्रुप अ‍ॅडमिन धास्तावले होते. सदस्याने काहीही टाकलं तरी आपल्याला उचलतील, अशी भीती. आमच्या अ‍ॅडमिनने 'फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील' अशी व्यवस्था करून टाकली आणि ग्रुप मुका झाला. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदियातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की सदस्याच्या मजकुराबद्दल अ‍ॅडमिनला, त्यात त्याचा हात असल्याखेरीज, जबाबदार धरता येत नाही. निकालाची बातमी मी अ‍ॅडमिनला दाखवली. त्याने कुलूप काढलं नाही.

मग मे २०२२ आला. ११ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजद्रोहाचं कलम १२४-अ स्थगित ठेवलं. टिळकांवर लावलेलं हेच ते कलम. वर्तमानपत्रांत मोठमोठे मथळे आले. तीनच दिवसांनी, १४ मे रोजी, ठाणे पोलिसांनी अभिनेत्री केतकी चितळे यांना अटक केली. शरद पवारांना उद्देशून मानली गेलेली, दुसऱ्या कुणाची म्हणून दिलेली एक कविता त्यांनी फेसबुकवर टाकली होती. गुन्हा कळव्याला नोंदवला गेला. राज्यात इतरत्रही गुन्हे दाखल झाले, एकूण वीसच्या वर. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत आधी नोटीस द्यावी, सरसकट अटक करू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच बजावलं होतं. तरी त्या जवळजवळ चाळीस दिवस कोठडीत होत्या आणि २३ जूनला ठाण्याच्या तुरुंगातून बाहेर आल्या. ती कविता मला कुरूप वाटली. आजारपणावरून माणसाला हिणवणं मला सहन होत नाही. पण कुरूप बोलण्याला चाळीस दिवस तुरुंग, हा हिशेब मला पटलेला नाही.

२०१२ मध्ये अटकेचं समर्थन करणारे आमच्या डब्यातले काही जण २०२२ मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्याबद्दल कळकळीने बोलत होते, आणि तेव्हा पालघरच्या मुलींसाठी भांडलेले काही जण आता "थोडे दिवस आत राहू दे" म्हणत होते. मला दोघांचाही राग आला. पालघरला शिवसेना, पुढे राष्ट्रवादी, मग आणखी कुणी. आमच्या या एका पट्ट्यात आळीपाळीने प्रत्येक पक्षाच्या नावाने बोलणाऱ्यावर कुणीतरी हात उगारला आहे, आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या वेळी स्वातंत्र्याची आठवण काढली आहे. या सगळ्या यादीत खोटं बोलल्याबद्दलची कारवाई शोधायला गेलो तर फार कमी सापडते. दुखावल्याबद्दलची मात्र पानोपानी.

खोटं ठरवण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घ्यायचा प्रयत्नही केला. एप्रिल २०२३ च्या नियमांनुसार केंद्राच्या कामकाजाविषयीचा मजकूर खोटा की खरा, हे केंद्रानेच नेमलेला कक्ष सांगणार होता. विनोदकार कुणाल कामरा त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचं मत दुभंगलं. सप्टेंबरमध्ये तिसरे न्यायमूर्ती चांदूरकर यांच्या मताने तो नियम घटनाबाह्य ठरला. पक्षकारानेच निवाडा करायचा नाही, ही साधी गोष्ट होती. त्याच कामरांच्या, ठाण्याच्या रिक्षेचा उल्लेख असलेल्या गाण्यावरून मार्च २०२५ मध्ये एकनाथ शिंदेंच्या समर्थकांनी खारचा स्टुडिओ फोडला.

जुलै २०२५ मध्ये कल्याण पूर्वेत एका दवाखान्याच्या स्वागतकक्षातल्या तरुणीला एका माणसाने बेदम मारलं. चित्रफीत काही तासांत सगळीकडे गेली आणि मराठी-परप्रांतीय असा रंग तिला चढला. नंतर आधीच्या क्षणांचं चित्रण आलं, त्यात तिनेही एका बाईला थप्पड मारलेली दिसत होती. त्यामुळे ती मारहाण तसूभरही क्षम्य होत नाही. पण पहिली चित्रफीत पाठवणाऱ्या माझ्या ओळखीच्या सहा जणांपैकी दुसरी कुणीच पाठवली नाही. सप्टेंबरमध्ये डोंबिवलीत पंतप्रधानांचं साडीतलं बनावट चित्र फेसबुकवर टाकलं म्हणून काँग्रेसच्या त्र्याहत्तर वर्षांच्या कार्यकर्त्याला भाजपच्या कार्यकर्त्यांनी भर रस्त्यात साडी नेसवली आणि त्याचं चित्रण करून पसरवलं. तो रस्ता माझ्या रोजच्या जाण्यायेण्याचा. त्या म्हाताऱ्या माणसाचा चेहरा मला आमच्या समाजवादी काकांसारखा वाटला, आणि मी त्या रात्री जेवलो नाही.

त्याच पावसाळ्यात विधानसभेने जनसुरक्षा विधेयक आवाजी मतदानाने मंजूर केलं. त्यावर संयुक्त समितीकडे साडेबारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या होत्या. बेकायदा कृत्याच्या व्याख्येत बोललेले, लिहिलेले शब्द आणि खुणाही येतात. सभागृहात विरोध नोंदवणारे एकटे आमदार होते ते डहाणूचे विनोद निकोले. गडचिंचले त्याच डहाणू तालुक्यातलं.

आमच्या ग्रुपवर या विधेयकाबद्दल दोन फॉरवर्ड आले. एकात लिहिलं होतं की हे फक्त नक्षलवाद्यांसाठी आहे, दुसऱ्यात की उद्यापासून मोर्चा काढला की अटक. मी विधेयकाची प्रत छापून घेतली, स्टेपल केली आणि सोमवारी डब्यात नेली. फेब्रुवारी २०२२ पासून फास्ट गाड्या बोगद्यातून जात नाहीत, मुंब्र्यावरून जातात. तेव्हा मध्येच थांबायची सक्ती आता नाही. व्याख्येचं कलम मी मोठ्याने वाचलं. शाखेत जाणाऱ्यांनी मला एका शब्दावर अडवलं, समाजवादी काकांनी त्यांना अडवलं. कळवा गेलं.

दाराशी लटकणाऱ्यांत २०२० साली लेफ्ट झालेला तो उभा होता. अलीकडे तो याच गाडीने येतो, बोलत नाही. ठाणे आल्यावर गर्दीचा लोंढा आत आला आणि तो रेटला जाऊन आमच्या सीटपाशी पोचला. खाली वाकून माझ्या हातातल्या कागदांकडे बघत म्हणाला, "पान दोन परत वाच." मी सरकलो. चौथी सीट झाली.