बाराच्या पुढचे श्वास

तान्ह्या बाळाची छाती भराभर हलते आहे. मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास भरले तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. बाळ दोन महिन्यांहून मोठं असेल तर पन्नास. पण मोजणारी दाई शाळेची पायरी न चढलेली, आणि तिची मोजणी बारापाशी अडणारी. 1980च्या दशकाच्या अखेरीस गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेपुढे हा पेच होता.

त्यांनी दाईला शंभरापर्यंत उजळणी पाठ करायला लावली नाही. हातात श्वासमापक दिला: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्यांसाठी, दुसरी त्याहून मोठ्या बाळांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजायचा.

शिकलेल्यांनी हसू नये. वळवळणाऱ्या बाळाचे श्वास मोजताना कुणी हाक मारली, तर तुमचाही आकडा सुटेल. मनात या क्षणी जे धरून ठेवतो ती कार्यकारी स्मृती, आणि तिची ओंजळ सगळ्यांचीच लहान. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी 1956 मध्ये तिची मर्यादा सात वस्तूंच्या आसपास सांगितली. नेल्सन कोवन यांनी 2001 मध्ये ती चारवर आणली. श्वासमापकात दाईच्या मनावर फक्त दहापर्यंतचा भार. दशकं मणी सांभाळतात.

मिलर यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ओंजळीत वस्तू मोजक्याच मावतात, पण एकेक वस्तू हवी तेवढी मोठी करता येते. हे आपल्याकडच्या मुलांना वेगळं शिकवायला नको. फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, तेंदूपत्ता पानांनी कोण मोजतं? 70 पानांचा एक पुडा, आणि हिशेब पुड्यांचा. दहा अंकी मोबाइल नंबरही आपण असेच तुकडे पाडून लक्षात ठेवतो.

मात्र अभ्यासाचा पुडा नुसतं वाचून बांधला जात नाही. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या 2006 मधल्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं.

तेव्हा बारावीकरांनो, आज रसायनशास्त्राचं एक पान वाचा, पुस्तक मिटा आणि आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर उतरवा. आठवड्यानं पुन्हा, तेही पुस्तक न उघडता.